वाचकांचे प्रश्न : झडपेतले कॅल्शियम आणि हृदयावरचा भार

झडपांविषयी आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांसोबत टूडी एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टची छायाप्रत आहे आणि तीत एकाच शब्दाखाली पेनाने रेघ ओढलेली आहे : 'कॅल्सिफाइड', म्हणजे कॅल्शियम साठलेली. आमच्या मते रेघ ओढायला हवी ती त्याच पानावरच्या तीन-चार आकड्यांखाली. झडप प्रत्यक्षात किती उघडते आणि त्या अडथळ्यापुढे हृदयाचा स्नायू कसा तग धरतो आहे, यावर पुढचे सारे ठरते. खालची उत्तरे त्याच दृष्टीने दिली आहेत. औषधात कोणताही बदल मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७१. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी टूडी एको केला. त्यात 'एओर्टिक व्हॉल्व्ह स्क्लेरोटिक, माइल्ड कॅल्सिफिकेशन, व्हेलॉसिटी १.८, नो स्टेनोसिस, ईएफ ६० टक्के' असे लिहिले आहे. त्यांना काहीच त्रास नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का? (सातारा)

उत्तर : ढकलू नका. या रिपोर्टमुळे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अडण्याचे कारण नाही.

डाव्या खालच्या कप्प्यातून महाधमनीत रक्त जाते त्या दारावर तीन पातळ पाकळ्यांची झडप, म्हणजे एओर्टिक व्हॉल्व्ह, असते. मिनिटाला ७० ठोके धरले तर ती दिवसाकाठी लाखभर वेळा उघडते आणि मिटते. निरोगी झडप पूर्ण उघडली की ३ ते ४ चौरस सेंटिमीटर वाट मिळते. वयाबरोबर पाकळ्या जाड होतात, बुडाशी कॅल्शियमचे कण बसतात, पण वाट मोकळीच राहते. या अवस्थेला स्क्लेरोसिस म्हणतात. पासष्टीनंतर सुमारे चौघांत एकाला ती आढळते. त्यातल्या थोड्यांचीच, वर्षाला शंभरात साधारण दोघांची, झडप पुढे अरुंद होऊ लागते.

अरुंदपणा, म्हणजे स्टेनोसिस, ठरवणारे तीन आकडे इथेच देतो, कारण पुढच्या उत्तरांतही ते लागतील. झडपेतून रक्त जाण्याचा कमाल वेग सेकंदाला २ ते ३ मीटर असेल तर सौम्य, ३ ते ४ मध्यम, ४ किंवा जास्त तर तीव्र. झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक, म्हणजे मीन ग्रेडियंट, २० मिमी पाऱ्याच्या आत सौम्य, २० ते ४० मध्यम, ४० किंवा जास्त तीव्र. वाटेचे क्षेत्रफळ दीडपेक्षा जास्त असेल तर सौम्य, १ ते दीड मध्यम, १ चौरस सेंटिमीटरच्या आत तीव्र. तुमच्या वडिलांचा वेग १.८ आहे, म्हणजे अडथळा नाही.

तरी हा शब्द दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पाकळ्यांत जी प्रक्रिया चालते तिच्यासारखीच रक्तवाहिन्यांतही चालते, त्यामुळे स्क्लेरोसिस असलेल्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांपेक्षा जास्त दिसतो. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. विडी, तंबाखू, मिश्री यांपैकी काही चालू असेल तर ते बंद होणे कोणत्याही गोळीपेक्षा महत्त्वाचे. एको पुन्हा तीन-चार वर्षांनी करा. मध्येच दम लागू लागला किंवा डॉक्टरांना छातीतला आवाज वाढलेला वाटला तर लगेच.

प्रश्न : वय ६६. हाडे ठिसूळ झाल्याने कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेते. आता झडपेवर कॅल्शियम निघाले. गोळ्या, दूध, नाचणी बंद करू का? एकांनी के-टू जीवनसत्त्वाने ते विरघळते असे सांगितले, दुसऱ्यांनी सलाइनमधून औषध देऊन काढतात असे सांगितले. (नाशिक)

उत्तर : दूध आणि नाचणी चालू ठेवा. झडपेवर जे साठते ते ताटातले कॅल्शियम उतू जाऊन बसलेले नसते. पाकळीचे वरचे अस्तर दुखावते, तिथे कोलेस्टेरॉलचे कण शिरतात, सूज येते, आणि मग पाकळीतल्याच काही पेशी हाडे घडवणाऱ्या पेशींसारखे वागू लागतात. त्या स्वतःभोवती कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक रचतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या काही झडपांत सूक्ष्मदर्शकाखाली खरोखरीचे हाड दिसते. म्हणून आहारातले कॅल्शियम कमी करून झडप मऊ होत नाही, हाडे मात्र आणखी पोकळ होतात. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० आणि पेलाभर दुधात २४० मिलिग्रॅम मिळते. आधी हा हिशेब करावा. जेवढे कमी पडते तेवढेच गोळीतून घ्यावे.

गोळ्यांच्या बाबतीत सावधगिरीला जागा आहे. झडप अरुंद असलेल्या वयस्कर रुग्णांच्या निरीक्षणात कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांची स्थिती अधिक वाईट दिसली होती. निरीक्षणावरून गोळी हेच कारण होते असे सिद्ध होत नाही, पण गरजेपेक्षा जास्त घेऊ नये एवढा बोध पुरेसा आहे. आमच्या मते त्याहून जास्त चिंतेची गोष्ट म्हणजे ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पाकिटे. ती आठवड्याला एक अशी साधारण आठ आठवडे देऊन नंतर मात्रा खूप कमी करायची असते. कित्येक घरांत ती वर्षानुवर्षे दर रविवारी चालू राहतात. रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व तपासल्याशिवाय ती पुढे चालू ठेवू नका.

के-टूबद्दलची कल्पना निराधार नव्हती. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसू न देणारे एक प्रथिन के जीवनसत्त्वावर चालते. म्हणून डेन्मार्कमध्ये वयस्कर पुरुषांना दोन वर्षे रोज ७२० मायक्रोग्रॅम के-टू आणि सोबत ड जीवनसत्त्व देऊन पाहिले. २०२२ साली निकाल आला : झडपेवरचे कॅल्शियम वाढण्याचा वेग तसाच राहिला. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांच्या तीन मोठ्या चाचण्या २००५ ते २०१० या काळात झाल्या, त्यांनीही झडपेची वाटचाल थांबली नाही. रक्तवाहिन्यांसाठी स्टॅटिन दिली असेल तर ती घ्यायचीच. हाडांची अलेन्ड्रोनेट आणि डेनोसुमॅब ही औषधेही तपासली गेली. झडपेला फायदा झाला नाही, पण हाडांना होतो म्हणून ती बंद करू नका.

सलाइनमधून कॅल्शियम 'काढणारे' चिलेशन झडप उघडते असा पुरावा नाही. त्याने रक्तातले कॅल्शियम अचानक उतरून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : आईचे वय ७४. रिपोर्ट : व्हेलॉसिटी ४.३, मीन ग्रेडियंट ४६, व्हॉल्व्ह एरिया ०.७, भिंतीची जाडी १४ मिमी, ग्रेड टू डायस्टॉलिक डिस्फंक्शन, ईएफ ६५ टक्के. डॉक्टर झडप बदला म्हणतात. पंपिंग ६५ टक्के म्हणजे उत्तम ना? आई कसलीही तक्रार करत नाही. मग घाई कशाला? (कोल्हापूर)

उत्तर : या अंकातले सर्वांत महत्त्वाचे पत्र तुमचे आहे, कारण ६५ हा आकडा पाहून निश्चिंत होणारी अनेक घरे आहेत.

वेग ४.३, म्हणून झडपेच्या दोन बाजूंमधला क्षणिक कमाल फरक ४ गुणिले ४.३ चा वर्ग, म्हणजे सुमारे ७४ मिमी पारा. सरासरी ४६. याचा अर्थ, दंडावर वरचा रक्तदाब १३० दिसत असेल तेव्हा आईंच्या डाव्या कप्प्यात तो १८० च्या आसपास चढत असतो. रक्तदाबाचे यंत्र झडपेच्या पलीकडचा दाब मोजते, कप्प्याला काय सोसावे लागते ते त्याला दिसत नाही.

हा जादा दाब झेलण्यासाठी स्नायू जाड होतो. स्त्रियांत भिंत ९ मिलिमीटरपर्यंत असते, आईंची १४ आहे. जाड भिंत सुरुवातीला उपकारक ठरते, कारण ताण जास्त तंतूंत वाटला जातो आणि आकुंचन टिकून राहते. पण स्नायू वाढतो त्या प्रमाणात त्याला रक्त देणाऱ्या केशवाहिन्या वाढत नाहीत. त्यातून सर्वांत आतला थर उपाशी राहतो, आणि अशा रुग्णाला हृदयाच्या धमन्या मोकळ्या असूनही चालताना छातीत दुखू शकते. पुढे स्नायूत चिवट तंतू तयार होतात आणि कप्पा ताठर होतो. ताठर कप्प्यात रक्त भरून घ्यायला जास्त दाब लागतो. तो दाब मागे डाव्या वरच्या कप्प्यावर आणि तिथून फुप्फुसांवर जातो. रिपोर्टातल्या 'ग्रेड टू डायस्टॉलिक डिस्फंक्शन'चा अर्थ हा आहे. धाप लागते ती बहुधा या वाटेने, पंपिंग कमी होण्याच्या कितीतरी आधी.

आता ईएफ. कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेले, एवढेच हा आकडा सांगतो. जाड भिंतींमुळे आतली जागा लहान होते. समजा तिथे ७० मिलिलिटर रक्त मावते आणि ४५ बाहेर जाते, तर ईएफ ६४ टक्के. दुसऱ्या निरोगी व्यक्तीच्या कप्प्यात ११० मावते, ६६ जाते, तर ईएफ ६० टक्के. टक्केवारी पहिलीची चांगली, रक्त मात्र तिच्या शरीराला ठोक्यामागे २१ मिलिलिटर कमी. म्हणून डॉक्टरांना ईएफबरोबर 'स्ट्रोक व्हॉल्यूम इंडेक्स' किती हेही विचारा. शरीराच्या दर चौरस मीटरमागे तो ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर प्रवाह कमी आहे. दुसरा उपयोगी आकडा 'ग्लोबल स्ट्रेन', म्हणजे ठोक्यागणिक स्नायू लांबीत किती टक्के आखूड होतो ते. निरोगी हृदयात तो उणे २० च्या आसपास असतो. आतल्या थराचे उभे तंतू आधी थकतात म्हणून ईएफ सुरेख असतानाच तो उणे १५-१४ पर्यंत घसरलेला सापडतो. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारे बीएनपी हे द्रव्य वयाच्या मानाने बरेच चढलेले असेल तर तेही याच दिशेने बोट दाखवते.

ईएफ ५० च्या खाली यायची वाट पाहणे म्हणजे उशीर करणे. झडप बदलल्यावर स्नायूची जाडी महिन्यांत-वर्षांत बऱ्यापैकी उतरते, पण स्नायूच्या जागी एकदा वण तयार झाले की ते तसेच राहतात.

'तक्रार नाही' हेही तपासून पाहा. सत्तरी ओलांडलेली बाई जिना टाळते, भाजी घरी मागवते, देवळात जाणे सोडते आणि 'वय झालं' म्हणते. तिला 'त्रास होतो का' असे विचारू नका. गेल्या वर्षी दिवाळीत जेवढी कामे केली तेवढी आज करता येतील का, दोन मजले न थांबता चढता येतील का, वाकून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, असे विचारा. तरीही खरोखर त्रास नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी करतात. त्यात दम लागला किंवा रक्तदाब चढण्याऐवजी उतरला तर उत्तर मिळाले. लक्षणे असलेल्याने मात्र ही चाचणी करायची नसते.

लक्षणे सुरू झाल्यावर झडप न बदललेल्या रुग्णांचे सरासरी आयुष्य १९६८ पासून पाठ्यपुस्तकांत असे दिले जाते : छातीत दुखू लागल्यावर सुमारे ५ वर्षे, भोवळ येऊन पडू लागल्यावर ३, हृदय निकामी होऊ लागल्यावर २. तीव्र अरुंदपणा असून लक्षणे नसलेल्यांवरची एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. 'वाट पाहू' गटातल्या बहुतेकांना काही वर्षांतच झडप बदलून घ्यावी लागली. डॉक्टरांचा सल्ला आम्हाला योग्य वाटतो.

प्रश्न : काकांचे वय ६८, पूर्वी झटका येऊन गेला आहे. व्हॉल्व्ह एरिया ०.८, पण मीन ग्रेडियंट फक्त २६ आणि ईएफ ३५ टक्के. एक डॉक्टर तीव्र म्हणतात, दुसरे मध्यम. तीन महिन्यांपूर्वीच्या एकोत एरिया ०.९५ होता. कोणाचे खरे? (नागपूर)

उत्तर : दोघांनीही रिपोर्ट नीट वाचला आहे, रिपोर्टच परस्परविरोधी आहे. दाबातला फरक केवळ वाटेवर अवलंबून नसतो, तिच्यातून किती रक्त जाते यावरही असतो. थकलेले हृदय कमी रक्त ढकलते, म्हणून तीव्र अडथळ्यावरही ग्रेडियंट कमीच भरतो. उलट, झडप मध्यमच अरुंद असेल पण दुबळ्या हृदयाला तिला पुरेसे उघडता येत नसेल, तरी क्षेत्रफळ कमी दिसते. या दोन शक्यता वेगळ्या करणे हेच काम आहे.

त्यासाठी आधी मोजमाप पडताळा. क्षेत्रफळ थेट मोजलेले नसते, गणिताने काढलेले असते. झडपेच्या अलीकडच्या वाटेचा, रिपोर्टातल्या 'एलव्हीओटी'चा, व्यास २.० सेंटिमीटर धरला तर तिचे क्षेत्रफळ ३.१४. एका ठोक्यात रक्त तिथे २० आणि झडपेत ८० सेंटिमीटर पुढे सरकत असेल तर झडपेची वाट ३.१४ गुणिले २० भागिले ८०, म्हणजे ०.७९. तोच व्यास कोणी २.२ मोजला तर उत्तर ०.९५ येते, १.८ मोजला तर ०.६४. दोन मिलिमीटरच्या फरकाने एवढा फेर पडतो, कारण व्यासाचा वर्ग होतो. दोन्ही रिपोर्टांतला हा व्यास शेजारी ठेवून पाहा. तीन महिन्यांत तो बदलत नसतो. रक्ताचा वेग मोजणारा डॉप्लरचा किरण प्रवाहाला तिरका पडला तर वेग कमी भरतो, म्हणून चांगला तंत्रज्ञ छातीच्या उजव्या कडेवरूनही मोजतो. एको करताना रक्तदाब १७०-१८० असेल तर ग्रेडियंट फसवा येतो, रक्तदाब आटोक्यात आणून पुन्हा करावा. ठोका अनियमित असेल तर किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते.

त्यानंतर डोब्युटामिन एको. हे औषध शिरेतून मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅमपासून हळूहळू २० पर्यंत वाढवतात. हृदयाने जोर धरून प्रवाह वाढला आणि ग्रेडियंट ४० वर गेला, वाट मात्र १ च्या आतच राहिली, तर अडथळा खरा तीव्र. वाट १ च्या वर उघडली तर मुख्य दोष स्नायूचा. प्रवाह वाढलाच नाही तर साधा सीटी स्कॅन करून झडपेवरच्या कॅल्शियमचा स्कोअर काढतात. त्याला शिरेतून रंगद्रव्य द्यावे लागत नाही. पुरुषात २००० आणि स्त्रीत १२०० च्या वर स्कोअर असेल तर तीव्र असण्याची शक्यता दाट. स्त्रियांसाठी आकडा कमी आहे, कारण त्यांच्या पाकळ्या कॅल्शियमपेक्षा चिवट तंतूंनी जास्त ताठरतात. कॅल्शियम किती, हा प्रश्न निर्णायक ठरतो तो अशा ठिकाणी.

अडथळा खरा निघाला तर ईएफ ३५ आहे म्हणून झडप बदलू नये, असे समजू नका. दाबाने दमलेले हृदय दाब गेल्यावर सुधारते. झटक्याने मेलेला भाग मात्र परत येणार नाही, तेवढी सुधारणा कमी.

प्रश्न : पतीचे वय ५८, चार वर्षे डायलिसिस चालू. एकोत 'सिव्हिअर मायट्रल अॅन्युलर कॅल्सिफिकेशन' आले. हा वेगळा आजार का? (पणजी)

उत्तर : जागा वेगळी आहे. इथे कॅल्शियम मायट्रल झडपेच्या, म्हणजे डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेच्या, बुडाच्या कड्यात बसते, पाकळ्यांची टोके बहुधा मोकळी राहतात. त्यामुळे पुष्कळदा अडथळा नसतो, थोडी गळती असते. कडे फारच जाड झाले तर वाट बुडाकडून अरुंद होते. तिथे बलून फुगवून वाट रुंद करण्याचा उपयोग नाही. हृदयाचे ठोके चालवणाऱ्या वीजवाहिनीचे तंतू जवळूनच जातात, म्हणून नाडी मंद होणे किंवा भोवळ येणे याकडे लक्ष ठेवून ईसीजी करत राहा.

डायलिसिसमध्ये रक्तातला फॉस्फरस वाढतो आणि कॅल्शियम साठण्याचा वेग त्यामुळे वाढतो. फॉस्फरसच्या गोळ्या जेवणाच्या घासाबरोबर घ्यायच्या असतात, तासाभराने घेतल्या तर फुकट जातात. त्या कॅल्शियमच्या आहेत की सेव्हेलामरसारख्या बिनकॅल्शियमच्या, हे मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारा. शीतपेये आणि डबाबंद, प्रक्रिया केलेले मांस टाळा. त्यांतले फॉस्फेट जवळजवळ सगळे शोषले जाते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन चालू असेल तर तीही या साठण्याला हातभार लावते. पर्याय आहे का ते विचारा, पण स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : बहीण ३८ वर्षांची. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. आता मायट्रल झडप १.० झाली आहे. एका ठिकाणी बलूनने होईल म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी 'कॅल्शियम आहे, स्कोअर १०, झडप बदला'. (बीड)

उत्तर : हा संधिवाती तापाचा, ऱ्हुमॅटिक, आजार. आपल्याकडे तरुण वयात झडप बिघडण्याचे मोठे कारण आजही हेच. यात दोन पाकळ्यांच्या कडा जिथे भेटतात ते कोपरे एकमेकांना चिकटतात. दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याखाली वाट असेल तर तीव्र समजतात.

बलून फुगवल्यावर तो चिकटलेले कोपरे उसवतो. पाकळी मऊ आणि कोपरे स्वच्छ असतील तर उसवण अचूक कोपऱ्यावर होते. कोपऱ्यातच कॅल्शियमचा खडा असेल तर तो उसवत नाही. जोर शेजारच्या पाकळीवर येऊन ती फाटते आणि तीव्र गळतीमुळे तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. स्कोअरमध्ये पाकळीची हालचाल, जाडी, कॅल्शियम आणि खालच्या दोऱ्यांची स्थिती यांना प्रत्येकी १ ते ४ गुण देतात; एकूण ८ पर्यंत असेल तर बलूनचे यश चांगले. दहा हा सीमेवरचा आकडा आहे. तेव्हा नेमका प्रश्न विचारा : कॅल्शियम पाकळीच्या मध्यात आहे की कोपऱ्यांत? एकाच कोपऱ्यात की दोन्ही? घशातून केलेल्या एकोत हे स्पष्ट दिसते, आणि डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी आहे का तेही कळते. गुठळी असेल तर आधी ती विरघळवावी लागते.

इथे डावा खालचा कप्पा बहुधा ठीक असतो. त्याच्यापर्यंत रक्त पोचत नाही आणि मागे फुप्फुसांत तुंबते. ठोके वाढले की भरायला वेळ कमी मिळतो, म्हणून ताप, रक्तक्षय, गरोदरपण यांत धाप एकदम वाढते. ठोके मंदावणाऱ्या गोळ्या त्यासाठीच असतात. दिवस राहण्याचा विचार असेल तर झडपेचे आधी करून घ्या. ठोका अनियमित झाला तर गुठळी टाळायला वॉरफरिनच हवी. २०२२ च्या मोठ्या चाचणीत नव्या रिव्हारोक्साबानपेक्षा तीच सरस ठरली. संधिवाती ताप पुन्हा येऊ नये म्हणून असलेले पेनिसिलिनचे १२ लाख युनिटचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी किती वयापर्यंत घ्यायचे ते डॉक्टर ठरवतील, पण बलून किंवा शस्त्रक्रिया झाली म्हणून ते थांबत नाही.

झडप बदलायची ठरली तर या वयात धातूची टिकाऊ. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने घडवलेली भारतीय झडप १९९० पासून वापरात आहे. पण वॉरफरिन जन्मभर घ्यावी लागते आणि गरोदरपणात तिने गर्भाला धोका असतो, म्हणून मूल हवे असल्यास निवड करण्यापूर्वीच हे बोला. मायट्रल जागी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचे माप, २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याची शस्त्रक्रिया समाविष्ट आहे. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून दाखल होण्यापूर्वीच विचारा.

प्रश्न : थोरल्या भावाची झडप ४९ व्या वर्षी बदलली, ती जन्मतः दोन पाकळ्यांची होती म्हणे. मी तपासणी करावी का? (पुणे)

उत्तर : करा, आणि आई-वडील, इतर भावंडे व भावाची मुले यांचीही एकदा करून घ्या. शंभरात एक-दोघांना अशी झडप असते आणि घरात ती आढळली तर सख्ख्या नात्यात सुमारे दहांत एकाला निघते. तिच्यावरचा ताण असमान असल्याने कॅल्शियम दहा-वीस वर्षे आधी बसते. एकोत झडपेबरोबर महाधमनीची सुरुवातही मोजायला सांगा, कारण ती फुगत जाऊ शकते.

प्रश्न : वडील ७८. छाती न उघडता 'टावी' करता येते म्हणतात. कॅल्शियम खूप असेल तर ते आधी काढतात का? (मुंबई)

उत्तर : काढत नाहीत. जुनी झडप तिथेच दाबून तिच्या आत नवी बसवतात, आणि बहुतेक नव्या झडपा या कडक कॅल्शियममध्येच घट्ट रुततात. फ्रान्समध्ये रुआँ शहरात अलेन क्रिबिए यांनी एप्रिल २००२ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा केली. आता गुजरातेत वापी इथे बनलेली झडपही उपलब्ध आहे.

पण कॅल्शियम कुठे आहे याला फार महत्त्व. एका बाजूला मोठा गोळा असेल तर नवी झडप तिथे पूर्ण टेकत नाही आणि कडेने गळते. तो खाली वीजवाहिनीकडे दाबला गेला तर नाडी मंदावते. साधारण दहांत एकाला, झडपेच्या प्रकारानुसार कमी-अधिक, पेसमेकर लागतो. आधीच ईसीजीत उजव्या बाजूचा ब्लॉक असेल तर धोका जास्त. कड्याखालचा मोठा खडा बलूनच्या दाबाने कडेच फाडू शकतो, हे क्वचित घडते पण जिवावर बेतते. म्हणून आधी रंगद्रव्य देऊन सीटी करतात. त्या रिपोर्टात चार गोष्टी पाहा : कड्याचा घेर, कॅल्शियमची जागा, हृदयाच्या धमन्यांची तोंडे कड्यापासून किती उंच आहेत (१० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती झाकली जाण्याची भीती), आणि जांघेतली धमनी साडेपाच-सहा मिलिमीटर तरी रुंद आहे का.

अमेरिकेतल्या २०२० च्या सूचनांनुसार ६५ च्या आत शस्त्रक्रिया, ८० च्या वर टावी आणि मधल्या वयात दोन्हींचा विचार करतात. टावीची झडप प्राण्यांच्या ऊतीची असते, तिच्यावरही कालांतराने कॅल्शियम बसते. तरुणात लवकर, वयस्करात सावकाश. अठ्ठ्याहत्तरीत त्याची चिंता कमी. झडप बसल्यावर दातांचे रक्त येणारे काम करण्यापूर्वी अर्धा ते एक तास अॅमॉक्सिसिलिन २ ग्रॅम घ्यावी लागते. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर पर्याय विचारून ठेवा.

प्रश्न : झडप तीव्र अरुंद आहे, तारीख दोन महिन्यांनी मिळाली. तोवर काय सांभाळावे? (इंदूर)

उत्तर : अशा हृदयाला कप्पा नीट भरलेला लागतो. निर्जळी उपवास, जुलाब-उलट्या आणि उन्हात चालणे यांनी रक्तदाब एकदम कोसळू शकतो. पाणी कमी करणारी गोळी स्वतः वाढवू नका. छातीत दुखले म्हणून दुसऱ्याची जिभेखालची गोळी घेऊ नका. तिने आणि सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांनीही भोवळ येते. जड सिलिंडर उचलणे, बसच्या मागे धावणे बंद. सपाटीवर दम न लागता चालणे चालेल. दात आत्ताच तपासून घ्या, किडका दात शस्त्रक्रियेपूर्वी निघालेला बरा. ठोका एकाएकी अनियमित व जलद झाला, झोपल्यावर धाप लागून उठावे लागले किंवा शुद्ध हरपली तर तारखेची वाट न पाहता दाखल व्हा.

प्रश्न : आजोबांची झडप अरुंद आहे आणि हिमोग्लोबिन दर दोन-तीन महिन्यांनी ७ वर येते. शी काळी होते. दुर्बिणीत व्रण सापडला नाही. दोन्हींचा संबंध असेल का? (सोलापूर)

उत्तर : असू शकतो. अरुंद वाटेतून वेगाने जाताना रक्तस्राव थांबवणाऱ्या एका प्रथिनाचे लांब रेणू तुटतात. आतड्यात नाजूक, फुगीर रक्तवाहिन्या असतील तर त्या मग सारख्या झिरपत राहतात. या जोडीकडे एडवर्ड हाइड या डॉक्टरांनी १९५८ मध्ये लक्ष वेधले होते. पोटाच्या डॉक्टरांना झडपेचा आणि हृदयाच्या डॉक्टरांना काळ्या शीचा रिपोर्ट दाखवा; मोठ्या आतड्याची दुर्बीण झाली नसेल तर करून घ्या. अॅस्पिरिन चालू असेल तर ती खरोखर हवी आहे का ते विचारा. रक्तक्षयाने हृदयाला जास्त पळावे लागते, म्हणून लोह आणि गरजेप्रमाणे रक्त द्यावेच लागेल. झडप बदलल्यावर पुष्कळ रुग्णांत हा रक्तस्राव थांबतो, तेव्हा हिमोग्लोबिन वारंवार उतरणे हे झडपेचा निर्णय पुढे ढकलण्याचे कारण मानू नका, तो लवकर घेण्याचे कारण आहे का, हे दोन्ही डॉक्टरांना एकत्र बसून ठरवू द्या.